इंग्रजीचा अध्यापक आणि दोन साक्षरता : डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या लातूर-नांदेड येथील कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासाचे लेखन बहुधा संस्था, संस्थाचालक आणि आंदोलने यांच्या अनुषंगाने झाले आहे. वर्गात उभा राहून शिकविणारा अध्यापक या इतिहासात क्वचितच येतो. त्यातही इंग्रजीच्या अध्यापकाचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो सर्वांत अवघड विषयाचा शिक्षक, पालकांच्या दृष्टीने नोकरीच्या दाराची किल्ली बाळगणारा आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने परक्या साहित्याचा जाणकार. या तिन्ही भूमिकांच्या पलीकडे जाऊन इंग्रजीच्या अध्यापनाला समाजचिंतनाचे साधन करणाऱ्या अध्यापकांमध्ये डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. इंग्रजीचे प्राध्यापक, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, लातूरचे नगराध्यक्ष आणि राज्यसभेचे सदस्य असा त्यांच्या कार्याचा विस्तार आहे.

प्रस्तुत निबंधात त्यांचे समग्र चरित्र मांडण्याचा हेतू नाही. ज्या प्रदेशात अक्षरओळख हीच दुर्मीळ गोष्ट होती, तेथे इंग्रजी शिकविणे म्हणजे नेमके काय करणे होते, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. मराठवाड्यात एका पिढीला मराठी अक्षरांची साक्षरता आणि इंग्रजीची साक्षरता या दोन्ही जवळजवळ एकाच वेळी मिळवाव्या लागल्या. या दोन साक्षरतांमधील नाते अध्यापक कसे जोडतो, यावर त्याच्या कार्याचे मोल ठरते. या दृष्टीने डॉ. वाघमारे यांच्या कार्याकडे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. पार्श्वभूमी : निजामी राजवटीतील भाषा आणि शिक्षण

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत मराठवाडा हा निजामाच्या राज्याचा भाग होता. या राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषक बहुसंख्य असले, तरी कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला. एका भारतीय भाषेला आधुनिक ज्ञानाची भाषा करण्याच्या दृष्टीने तो प्रयोग महत्त्वाचाच होता. तथापि लातूर किंवा नांदेडच्या खेड्यातील मराठी मुलासाठी त्याचा अर्थ वेगळा होता. घरची बोली, शाळेतील मराठी, वरच्या वर्गातील उर्दू आणि त्याही पुढे इंग्रजी असे भाषांचे चार उंबरठे त्याला ओलांडावे लागत. बहुसंख्य मुले पहिल्याच उंबरठ्याशी थांबत. १९५१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद राज्यातील साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षाही कमी होते.

या परिस्थितीत शिक्षण आणि राजकीय जागृती या गोष्टी वेगळ्या राहणे शक्य नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षकच होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाई येथील योगेश्वरी विद्यालय ही त्यांच्या सार्वजनिक कार्याची आरंभीची क्षेत्रे होत. विलीनीकरणानंतर लगेच, १९५० मध्ये, नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले, ते स्वामीजींच्याच प्रेरणेने. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर या भागातील महाविद्यालये हैदराबादपासून शैक्षणिकदृष्ट्या स्वतंत्र झाली.

या महाविद्यालयांतून अध्यापकांची एक विशिष्ट परंपरा निर्माण झाली. अध्यापकाने विषयाच्या पाठ्यक्रमात अडकून न पडता गावाच्या वैचारिक जीवनात उतरावे, अशी अपेक्षा तिच्यात गृहीत होती. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील नरहर कुरुंदकर हे या परंपरेचे सर्वांत तेजस्वी उदाहरण होय. डॉ. वाघमारे यांचे कार्य याच परंपरेत बसते. फरक इतकाच, की त्यांच्या हातात साधन होते ते इंग्रजी साहित्याचे.

२. विषयाची निवड

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय विद्यापीठांतील इंग्रजी विभागांचा पाठ्यक्रम दीर्घकाळ ब्रिटिश साहित्याभोवती फिरत होता. शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ आणि व्हिक्टोरियन कादंबरी ही त्याची ठरलेली वाट. मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला या साहित्याशी नाते जोडणे कठीण जात असे. शब्दांचे अर्थ कळले तरी त्यामागचे जग कळत नसे. परिणामी इंग्रजी हा समजून घेण्यापेक्षा पाठ करण्याचा विषय झाला आणि मार्गदर्शिकांतील तयार उत्तरे हे बहुसंख्यांचे पाठ्यपुस्तक झाले.

डॉ. वाघमारे यांनी अभ्यासासाठी आफ्रिकन-अमेरिकन साहित्याची निवड केली, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर विशेष लक्षणीय ठरते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. (त्या काळी रूढ असलेली ‘निग्रो’ ही संज्ञा आज वापरली जात नाही, येथे ती केवळ ग्रंथनामात आली आहे.) इंग्रजीच्या प्राध्यापकाने आपल्या विषयातील संशोधन मराठीत लिहिणे हे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नसे. इंग्रजीत लिहिलेला निबंध विद्यापीठीय वर्तुळात जाई. मराठीत लिहिलेला ग्रंथ मात्र तालुक्याच्या गावातील वाचनालयात पोहोचे. डॉ. वाघमारे यांनी हा दुसरा वाचक स्वीकारला.

या निवडीला मराठवाड्यातच अनुकूल वातावरण तयार झाले होते. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत साहित्याचा अभ्यास केला होता आणि तेथील कृष्णवर्णीय लेखकांचा अनुभव येथील दलित तरुणांपुढे मांडला होता. औरंगाबादहून निघणाऱ्या ‘अस्मितादर्श’ने, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली, नव्या लेखकांना व्यासपीठ दिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तथापि नावाचे आणि घोषणेचे साम्य वेगळे आणि साहित्याचा, इतिहासाचा सांगोपांग परिचय वेगळा. हा परिचय मराठी वाचकाला करून देण्याचे काम डॉ. वाघमारे यांच्या ग्रंथाने केले.

या तुलनेची मुळे अर्थातच अधिक जुनी आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. म्हणजे शतकभर जो धागा महाराष्ट्रातील समाजपरिवर्तनाच्या चळवळीत होता, तो एका इंग्रजीच्या अध्यापकाने साहित्याभ्यासाच्या मार्गाने पुढे नेला, असे म्हणता येईल.

३. वाचण्याचा हक्क आणि साहित्याची तुलना

आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा भाग म्हणजे त्यातील साक्षरतेची कथा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात, मालकाने आपल्या पत्नीला त्यांना अक्षरे शिकविण्यापासून रोखल्याचा प्रसंग आहे. वाचायला शिकलेला माणूस गुलाम म्हणून राहणार नाही, ही मालकाची भीती होती आणि त्या भीतीतूनच डग्लस यांना मुक्तीचा मार्ग उमगला. पुढे शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये आलेल्या आत्मकथनात रिचर्ड राइट यांनी मेम्फिस शहरातील ग्रंथालयाची हकिगत सांगितली आहे. कृष्णवर्णीयांना पुस्तके मिळत नसल्याने एका गोऱ्या सहकाऱ्याच्या कार्डावर, त्याच्या नावाची चिठ्ठी स्वतः लिहून, त्यांनी पुस्तके मिळविली. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण वाचण्याची चोरी संपली नव्हती.

हे प्रसंग लातूर-नांदेडच्या वर्गात वाचले गेले तर त्यांचा अर्थ लावण्यासाठी तळटिपांची गरज पडत नाही. शाळेच्या ओट्याखाली किंवा वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकलेल्या माणसांच्या आठवणी या भागातील अनेक घरांत होत्या. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनातही घरातून प्रथमच शाळेत जाणाऱ्या मुलाचे जग आहे. या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ज्या जमातीवर इंग्रजी राजवटीने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तिच्यातील माणसाचे अक्षर देशाच्या साहित्यात दाखल झाले.

तथापि साम्याबरोबर भेदही ध्यानात घेणे आवश्यक आहे. वंश आणि जात या दोन व्यवस्था एकच नव्हेत. वंशभेदाचा आधार दृश्य वर्ण हा होता. जातिव्यवस्थेला धर्मग्रंथांचे आणि कर्मसिद्धान्ताचे पाठबळ होते. भाषेच्या बाबतीतला भेद तर आणखी महत्त्वाचा. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या मूळ भाषा जवळजवळ पुसल्या गेल्या आणि त्यांना मालकाच्याच भाषेत आपले दुःख लिहावे लागले. दलित लेखकाला मराठी होती. मात्र पुस्तकातील प्रमाण मराठी त्याच्या घरची नव्हती. म्हणून एकाने परक्या भाषेला आपल्या बोलीचा सूर दिला, तर दुसऱ्याने आपल्याच भाषेत आपल्या बोलीसाठी जागा मिळविली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात या दोन साहित्यांच्या तुलनेला स्वतंत्र स्थान मिळाले, यावरून हा विषय मराठी समीक्षेत किती रुजला हे दिसते.

भाषांच्या अध्यापकांनी केलेली ही वाहतूक लातुरात एकाच दिशेने झाली नाही. दयानंद महाविद्यालयातील हिंदीचे प्राध्यापक डॉ. सूर्यनारायण रणसुभे यांनी लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हिंदीत नेले. एकाने बाहेरचा अनुभव मराठीत आणला, दुसऱ्याने मराठीतील अनुभव बाहेर पोहोचविला. महाविद्यालयीन भाषाविभागांचा हा वाटा प्रादेशिक इतिहासात नोंदवला जाणे अगत्याचे आहे.

४. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि ‘लातूर पॅटर्न’

१९७० मध्ये लातूर येथे शिव छत्रपती शिक्षण संस्थेने राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू केले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा होण्यास १९८२ उजाडावे लागले. कडधान्य आणि तेलबियांची मोठी बाजारपेठ म्हणून गावाची ओळख होती. अशा व्यापारी गावातील नव्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. वाघमारे यांच्याकडे आले.

या महाविद्यालयाचे नाव पुढे राज्यभर झाले ते ‘लातूर पॅटर्न’मुळे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथील बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी मंडळाच्या गुणवत्ता यादीत सातत्याने दिसू लागले. डॉ. वाघमारे यांच्याबरोबर प्राचार्य डॉ. अनिरुद्ध जाधव यांचे नाव या पद्धतीच्या जडणघडणीशी निगडित आहे. या पद्धतीत गूढ असे काही नव्हते. पाठ्यक्रम वेळेआधी पूर्ण करणे, उरलेल्या काळात उजळणी घेणे, वारंवार चाचण्या घेऊन उत्तरपत्रिका विद्यार्थ्यापुढे तपासणे, प्रश्नसंच सोडवून घेणे, सुटीत जादा तास घेणे आणि प्राध्यापकांनी ठरल्या वेळेनंतरही उपलब्ध असणे ही तिची अंगे. ज्या घरात अभ्यास घेणारे कोणी नव्हते, त्या घरातील विद्यार्थ्याची ती उणीव महाविद्यालयाने भरून काढावी, असे तिचे मूळ सूत्र सांगता येईल. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांशी आपण स्पर्धा करू शकत नाही, हा मराठवाड्याचा न्यूनगंड या यशाने मोडला, हे निर्विवाद आहे.

परंतु या यशाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. एका महाविद्यालयातील अध्यापकांच्या परिश्रमातून उभी राहिलेली पद्धत हळूहळू गावाचा व्यवसाय झाली. खाजगी शिकवण्या, वसतिगृहे, खानावळी यांची एक वसाहत तिच्याभोवती वाढली. राज्याच्या प्रवेश परीक्षा आणि नंतर ‘नीट’ यांच्या काळात तर ‘पॅटर्न’ या शब्दाचा अर्थ महाविद्यालयाच्या वर्गापेक्षा शिकवणीच्या वर्गाकडे अधिक झुकला. ज्या गावात बाहेरगावची मुले शिकण्यासाठी येऊ लागली, त्याच गावात गरीब घरच्या मुलाला शिकवणीचे शुल्क परवडेनासे झाले.

भाषेच्या दृष्टीने तर हा बदल अधिक विचार करावयास लावणारा आहे. गुणांच्या या शर्यतीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांना अग्रस्थान मिळाले. इंग्रजी उरली ती उत्तीर्ण होण्यापुरती किंवा गुणांची बेरीज वाढविण्यापुरती; मराठीची तर तीही गरज उरली नाही. ज्या महाविद्यालयाच्या प्राचार्याने इंग्रजी साहित्यातून माणसाच्या अस्मितेचा शोध घेतला, त्याच महाविद्यालयाची ख्याती ज्या यशाने झाली त्यात साहित्याला स्थान नव्हते, हा या इतिहासातील सर्वांत मोठा अंतर्विरोध होय. त्याचा दोष एका व्यक्तीवर किंवा संस्थेवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. मागास भागातील पालकांची निकड, वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांचे गणित आणि गुणांनाच गुणवत्ता मानणारी व्यवस्था यांचा तो एकत्रित परिणाम आहे.

५. नांदेडचे विद्यापीठ

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्याने या हिंसाचाराची मोठी झळ सोसली. सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर या मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्यातच राहिला.

पहिले कुलगुरू म्हणून डॉ. वाघमारे यांच्यापुढील काम सोपे नव्हते. नामांतराच्या जखमा ओल्या होत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाला जेमतेम वर्ष झाले होते आणि कार्यक्षेत्रातील लातूर जिल्हा त्यातून सावरत होता. विद्यापीठाच्या रचनेत पारंपरिक सुट्या विभागांऐवजी ‘संकुल’ ही कल्पना स्वीकारली गेली. नांदेडलगतच्या विष्णुपुरी परिसरात परस्परसंबद्ध विषयांची संकुले उभी राहिली. भाषा, वाङ्मय आणि संस्कृती यांच्या अभ्यासाचे एक संकुल असणे, ही गोष्ट प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. इंग्रजी एका दालनात आणि मराठी दुसऱ्या दालनात, मध्ये भिंत, ही जुनी व्यवस्था या कल्पनेत बसत नाही. भिंत कागदावर पडली म्हणून ती मनातून पडतेच असे नाही. तरीही इंग्रजीचा अभ्यास मराठीसाठी फलदायी ठरू शकतो, ही जी भूमिका डॉ. वाघमारे यांच्या ग्रंथलेखनात दिसते, तिला संस्थात्मक रूप देण्याची शक्यता या रचनेत होती.

पुढे २००१ मध्ये ते लातूरचे नगराध्यक्ष झाले आणि २००८ ते २०१४ या काळात राज्यसभेचे सदस्य राहिले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा याच काळात संसदेने संमत केला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाचे शिकणे हा आता उपकार न राहता हक्क झाला. ज्या प्रदेशात शंभरातील नव्वदांहून अधिक माणसे निरक्षर होती, तेथील एका अध्यापकाने सदस्य म्हणून या कायद्याच्या काळात संसदेत असणे याला प्रतीकात्मक अर्थ निश्चितच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मराठवाड्यात इंग्रजीचे अध्यापन हे मूलभूत साक्षरतेच्या प्रश्नापासून वेगळे काढता येत नाही. निजामी राजवटीतील भाषाव्यवस्थेमुळे येथील विद्यार्थ्याला अनेक भाषांचे उंबरठे एकाच आयुष्यात ओलांडावे लागले.

२. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा अभ्यास मराठीतून मांडून इंग्रजीला ‘बाहेर जाण्याची भाषा’ इतकेच न ठेवता ‘आत आणण्याची भाषा’ केले. इंग्रजीच्या अध्यापकाचे हे काम पदव्या आणि निकाल यांच्या मापाने मोजता येत नाही.

३. ‘लातूर पॅटर्न’ने ग्रामीण विद्यार्थ्याला आत्मविश्वास आणि व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेशद्वार दिले; त्याच वेळी भाषा आणि साहित्य यांचे शिक्षणातील स्थान आकसले. ही दोन्ही विधाने एकत्र मान्य केल्याशिवाय त्याचे ऐतिहासिक मूल्यमापन पूर्ण होत नाही.

४. नांदेडच्या विद्यापीठातील संकुलरचनेने भाषांच्या एकत्रित अभ्यासाची शक्यता निर्माण केली; ती किती साकार झाली याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

२०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के, तर नांदेड जिल्ह्याची सुमारे ७५ टक्के होती. राज्याचे प्रमाण ८२ टक्क्यांच्या वर होते. १९५१ पासूनची ही वाटचाल मोठी आहे आणि उरलेले अंतरही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. परंतु वाचता येणे आणि वाचणे यांतील अंतर जनगणनेत मोजले जात नाही. रिचर्ड राइट यांना वाचता येत होते, तरी पुस्तकासाठी दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लिहावी लागली. लातूर-नांदेडच्या आजच्या विद्यार्थ्याला अशी चिठ्ठी लिहावी लागत नाही, ग्रंथालयाचे दार त्याला उघडे आहे. प्रश्नसंचाच्या पलीकडचे पुस्तक उचलण्यासाठी त्याला तेथवर घेऊन जाणारा अध्यापक मात्र अजूनही लागतो.